अस्मानी, सुलतानी आणि आपली भाषा

माणूस कोणत्याही देशीचा असो, संकट त्याला चुकलेले नाही. मात्र संकटाचे वर्णन करताना प्रत्येक समाज आपापल्या अंगणातील उपमा वापरतो. इंग्रज अडचणीत आला की त्याचे जहाज खडकावर आदळते, तो खोल पाण्यात सापडतो, नाहीतर सैतान आणि अथांग समुद्र यांच्यामध्ये अडकतो. आपला मराठवाड्यातील शेतकरी अडचणीत आला की त्याच्या दुष्काळात तेरावा महिना येतो, त्याच्या इकडे आड आणि तिकडे विहीर असते, आणि आगीतून सुटावे तर तो फुफाट्यात पडतो. अनुभव एकच, चित्रे दोन. एक चित्र समुद्राने वेढलेल्या बेटावर काढले गेले, दुसरे पावसाची वाट पाहणाऱ्या काळ्या जमिनीवर.

शाळेतील मुलांना हे वाक्प्रचार पाठ करावे लागतात. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' एवढ्यावर त्यांचे काम संपते आणि परीक्षेनंतर ते विसरले जातात. वास्तविक कणगीत धान्य साठवावे तसा आपल्या पूर्वजांनी आपला अनुभव या शब्दांत साठवून ठेवला आहे. त्या कणगीचे झाकण उघडून पाहावे, विशेषतः आपल्या जालना जिल्ह्याच्या मातीत उभे राहून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन शब्दांत सारे संकट

मराठीने संकटाची जी वाटणी केली आहे तिच्याइतकी नेमकी वाटणी आम्हांस अन्यत्र आढळलेली नाही. ती म्हणजे 'अस्मानी' आणि 'सुलतानी'. फारसीत 'आस्मान' म्हणजे आकाश आणि अरबीत 'सुलतान' म्हणजे सत्ताधीश. आकाशातून येते ती अस्मानी : अवर्षण, गारपीट, टोळधाड, रोगराई. राजाकडून येते ती सुलतानी : जुलमी वसुली, लूटमार, फौजेची ये-जा. जुन्या काळी जमिनीच्या आणि वसुलीच्या करारांतही हे शब्द येत. अशी आपत्ती आली तर ठरलेली रक्कम भरणाऱ्याला सवलत मागता यावी, असा त्यामागे हिशेब असे. म्हणजे हे शब्द मुळात कवीचे नव्हेत, कारकुनाच्या दप्तरातील आहेत. दप्तरातून ते शेतकऱ्याच्या तोंडी गेले आणि तेथे त्यांचा वाक्प्रचार झाला.

या शब्दांना वाङ्‌मयात मान मिळवून देणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातील एका सुपुत्राचे नाव घ्यावे लागते. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'अस्मानी सुलतानी' या नावाचेच एक प्रकरण रचले. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर जो भीषण दुष्काळ कोसळला तो या पिढीने पाहिला होता. याच दुष्काळात देहूच्या तुकोबांच्या घरातील माणसे अन्नावाचून गेली. दुष्काळ सरतो न सरतो तोच दख्खनच्या सत्तांची युद्धे गावे तुडवीत होती. आकाश आणि सिंहासन दोन्ही एकाच वेळी कोपले म्हणजे काय होते, हे त्या पिढीला शब्दकोशात पाहावे लागले नाही.

बायबलच्या वाचकाला या ठिकाणी दाविद राजाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात गाद संदेष्टा दाविदापुढे तीन शिक्षा ठेवतो : दुष्काळाची वर्षे, शत्रूपुढे पळण्याचे महिने, किंवा रोगराईचे दिवस. दाविद मोठ्या पेचात पडतो आणि शेवटी माणसाच्या हाती सापडण्यापेक्षा देवाच्या हाती सापडणे बरे, असे म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने सुलतानीपेक्षा अस्मानी पत्करली. आकाशाला कधी तरी दया येते, हा त्याचा अनुभव होता. माणसाबद्दल त्याला तशी खात्री वाटली नाही.

तेरावा महिना

अस्मानी संकटाच्या वाक्प्रचारांत 'दुष्काळात तेरावा महिना' याला पहिला मान द्यावा लागेल. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारी ही अकरा दिवसांची तूट भरून काढण्यासाठी सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. पंचांगकर्त्याच्या दृष्टीने ही केवळ गणिताची दुरुस्ती आहे. पण ज्या घरात बारा महिन्यांच्या हिशेबाने धान्य मोजून ठेवलेले असते, त्या घरात तेरावा महिना म्हणजे तीस दिवसांची जास्तीची भूक. त्यात या महिन्याला 'धोंड्याचा महिना' म्हणतात. जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचे, अशी रीत. कणगीचा तळ दिसू लागला असताना दाराशी जावई उभा राहावा, ही कल्पना ज्याने प्रथम बोलून दाखविली त्याची विनोदबुद्धी आणि त्याचे दुःख दोन्ही अस्सल होती.

हा वाक्प्रचार आपल्या काळात अक्षरशः खरा ठरला आहे. २०१२ साली जालना जिल्ह्यात दुष्काळाची तीव्र झळ बसली. त्याच वर्षी १८ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर असा अधिक भाद्रपद आला होता. २०१५ साली मराठवाड्यात पुन्हा पाऊस रुसला, आणि त्या वर्षी अधिक आषाढ होता. ग्रहगणित आणि पाऊस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे खरे. तथापि त्या उन्हाळ्यांत ज्यांनी जालना शहरात टँकरची वाट पाहत रात्री जागून काढल्या आणि ज्यांनी मुलासारख्या वाढविलेल्या मोसंबीच्या बागा वाळताना पाहून अखेर त्यांवर कुऱ्हाड चालविली, त्यांना या म्हणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. 'जालना सोने का पालना' असे ज्या गावाविषयी म्हणत, त्या गावाच्या पाळण्यालाही अस्मानीने हेलकावे दिले.

'अठरा विश्वे दारिद्र्य' हा प्रयोगही असाच हिशेबी आहे. येथे 'विश्व' म्हणजे जग नव्हे, तर 'वीस' या संख्येशी त्याचा संबंध लावतात. अठरा विसे तीनशे साठ. म्हणजे वर्षाचे तीनशे साठही दिवस ज्या घरातून दारिद्र्य हलत नाही, ते अठरा विश्वे दारिद्र्याचे घर. 'पाचावर धारण बसणे' म्हणजे आज आपण घाबरगुंडी उडणे असे समजतो. परंतु 'धारण' या शब्दाचा जुना अर्थ धान्याचा बाजारभाव असा आहे. रुपयाला भरपूर मिळणारे धान्य महागाईत पाचावर आले की माणसाच्या पोटात गोळा उठे, त्यावरून हा प्रयोग आला, अशी त्याची उपपत्ती सांगतात. ती मान्य केली तर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या पूर्वजांना भीतीची उपमा शोधताना भूत-पिशाच्च आठवले नाही, वाघ आठवला नाही. त्यांना बाजारातील धान्याचा भाव आठवला.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजूनही आपल्या धर्मग्रामांत आहेत. खडी फोडण्याची कामे, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे त्यांच्या बोलण्यात आजही येते. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. पुढील काळात प्रत्येक दुष्काळाचे माप 'बहात्तरसारखा की बहात्तरपेक्षा वाईट' असे घेतले जाऊ लागले. एका सालाचा असा वाक्प्रचार होताना आपण आपल्या हयातीत पाहिला.

आड, विहीर आणि फुफाटा

'इकडे आड, तिकडे विहीर' यातील आड म्हणजे अरुंद, पायऱ्या नसलेला, दोराने पाणी शेंदण्याचा. विहीर त्याहून ऐसपैस. अंधारात चालणारा माणूस एकीपासून दूर सरकला तर दुसरीत पडणार. इंग्रजीत याच प्रसंगाला सैतान आणि समुद्र उभे केले आहेत. त्यातील 'सैतान' हा मुळी सैतान नसून जहाजाच्या लाकडी फळ्यांमधील एका सांध्याचे ते नाव आहे, असे काही जण सांगतात. परंतु हा खुलासा मागाहून रचला गेला असावा असे अभ्यासकांना वाटते. ग्रीकांनी एका बाजूला राक्षसीण आणि दुसऱ्या बाजूला भोवरा ठेवला. आमच्या मते या साऱ्यांत पवित्र ग्रंथातील चित्र सर्वांत भव्य आहे : पुढे तांबडा समुद्र, मागे फारोचे रथ आणि मध्ये घाबरलेले इस्राएल लोक. पण आपल्या म्हणीतील खोच वेगळीच आहे. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या या प्रदेशाने संकट म्हणून दोन पाणवठेच निवडले. ज्याच्यावर जीव जगतो तेच पाय घसरला की जीव घेते, हे शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

'आगीतून फुफाट्यात' या म्हणीचे बारकावेही असेच पाहण्याजोगे आहेत. फुफाटा म्हणजे गरम राख. वरून शांत, आत निखारे. आग दिसते, म्हणून माणूस तिच्यापासून पळतो. फुफाटा दिसत नाही, म्हणून तो त्यात पाय टाकतो. ही म्हण केवळ दुसऱ्या संकटाविषयी नसून न ओळखलेल्या संकटाविषयी आहे. सावकाराचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्या सावकाराकडे गेलेल्या माणसाला यापेक्षा योग्य शब्द मिळणार नाही.

या म्हणीचे सगेसोयरे जगभर आहेत. लॅटिनमध्ये 'धुरातून ज्वाळेत' अशी जुनी म्हण होती. ख्रिस्तसभेच्या आरंभकाळातील लेखक तर्तुलियन याने 'चुन्याच्या भट्टीतून कोळशाच्या भट्टीत' असा प्रयोग केला आहे. आमोस संदेष्ट्याने तर एक लहानशी कथाच सांगितली : माणूस सिंहापासून पळाला तो अस्वलाच्या तावडीत सापडला, घरी येऊन धापा टाकीत भिंतीला टेकला, तर भिंतीतून साप डसला. सुरक्षित म्हणून ज्या भिंतीला टेकावे तीच दगा देते, हे फुफाट्याचेच तत्त्व आहे.

इंग्रजीत तव्यातून विस्तवात उडी मारणे असा प्रयोग आहे. त्याच्या जुन्या लेखी उदाहरणांपैकी एक संत थॉमस मोर यांचे आहे. विल्यम टिंडेल या बायबल-भाषांतरकाराशी त्यांचा कडाक्याचा वाद चालला होता आणि १५३२ साली त्याला उत्तर देताना मोर यांच्या लेखणीतून हा प्रयोग उतरला. गंमत अशी की टिंडेलनेही इंग्रजीला संकटाचा एक शब्द दिला आहे. १५३० साली जुन्या कराराच्या पहिल्या पाच ग्रंथांचे भाषांतर करताना लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायापाशी त्याने 'स्केपगोट' हा शब्द घडविला. त्या विधीत दोन बकरे असत. एकाचा बळी दिला जाई आणि दुसऱ्यावर लोकांची पापे लादून त्याला रानात सोडून दिले जाई. इंग्रजी शब्द या दुसऱ्या, सुटलेल्या बकऱ्यावरून आला. आपण मराठीत 'बळीचा बकरा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पहिला बकरा असतो. दुसऱ्याच्या पापाचे ओझे निरपराध्यावर टाकले जाते, एवढे मात्र दोन्हीकडे समान आहे.

पुढे काय झाले? राजा आठवा हेन्री याच्यापुढे सद्‌सद्‌विवेक न वाकविल्यामुळे मोर यांचा ६ जुलै १५३५ रोजी शिरच्छेद झाला. टिंडेलला १५३६ साली ब्रसेल्सजवळ गळा आवळून मारण्यात आले व त्याचा देह जाळण्यात आला. शब्दाशब्दांवरून एकमेकांशी भांडलेले हे दोघे विद्वान वर्षभराच्या अंतराने सत्तेच्या हातून मेले. मोर यांना १९३५ साली संतपद मिळाले. आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांतील मुले दोघांचेही शब्द एकाच पाठ्यपुस्तकातून शिकतात. सुलतानी इंग्लंडलाही नवी नव्हती, हे यावरून दिसते.

सुलतानीचे शब्द

आपल्याकडील सुलतानीचे शब्द पाहू लागलो की मराठ्यांचा इतिहासच समोर उलगडतो. 'तुला काय धाड भरली?' असे आई मुलाला रागावून म्हणते. गावावर पडणारी लुटारूंची धाड तिने पाहिलेली नसते. पण तिच्या पणजीच्या पणजीने पाहिली होती. निजामाच्या राज्याला शेजारच्या मुलखातील लोक 'मोगलाई' म्हणत. पुढे बेबंद कारभार दिसला की 'ही काय मोगलाई आहे?' असे विचारले जाऊ लागले. आपला जालना जिल्हा त्याच मोगलाईत होता. १९४७-४८ या काळात रझाकारांनी जो धुमाकूळ घातला त्यामुळे मराठवाड्याच्या बोलीत 'रझाकारी' हा जुलमाला आणखी एक शब्द मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. सत्ता गेली, शब्द राहिला.

सर्वांत मोठा शब्द अर्थातच 'पानिपत'. १४ जानेवारी १७६१ रोजी एका दिवसात महाराष्ट्रातील घराघरांतून माणूस गेला आणि गावाच्या नावाचे क्रियापद झाले. परीक्षेत नापास झालेला मुलगाही आज 'आमचे पानिपत झाले' असे म्हणतो. तरुण विश्वासराव त्या रणात पडल्यामुळे 'विश्वास गेला पानिपतात' ही श्लेषयुक्त म्हण रूढ झाली, आणि सदाशिवरावभाऊंच्या रणधुमाळीवरून 'भाऊगर्दी' आली, असे सांगतात. 'संक्रांत कोसळणे' हा प्रयोगही पानिपतावरून आला असे पुष्कळ जण मानतात. परंतु तेथे सावध राहिले पाहिजे. मकरसंक्रांतीचा दिवस शतकाशतकाने पुढे सरकत आला आहे. अठराव्या शतकात तो १४ जानेवारीच्या काही दिवस आधीच येत असे. शिवाय संक्रांतीदेवी अमुक वाहनावर बसून येते व जिकडे पाहते तिकडे नाश करते ही पंचांगातील समजूत या वाक्प्रचाराचा खुलासा करण्यास पुरेशी आहे. प्रत्येक शब्दामागे एखादी लढाई शोधण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवरला पाहिजे.

इंग्रजीत पानिपतला जोड आहे ती वॉटर्लूची. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा जेथे पराभव झाला त्या गावाचे नाव इंग्रजीत अंतिम पराभवाला समानार्थी झाले. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा त्याआधी बारा वर्षे आपल्या जिल्ह्यात होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेव्हा तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन परिसरातील असई या गावी, केळणा आणि जुई या नद्यांच्या दरम्यान, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी त्याची गाठ पडली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची भयंकर हानी केली, तरी अखेर रण इंग्रजांच्या हाती गेले. उतारवयात वेलिंग्टनला त्याची सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारले असता त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे सांगितले जाते.

मग 'असई होणे' असा वाक्प्रचार मराठीत का आला नाही? आम्हांस याचे कारण असे वाटते. पानिपतावर महाराष्ट्राची माणसे गेली, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या बायका-मुलांनी ते नाव घरोघर उच्चारले. असईच्या वेळी शिंद्यांची कवायती पलटणे परदेशी अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती, सैन्यात नाना प्रांतांचे शिपाई होते, आणि लढाई संपली तेव्हा राज्यही पूर्वीचे राहिले नव्हते. पराभव मोठा असून चालत नाही. तो घरात येऊन बसावा लागतो, तेव्हा त्याचा शब्द होतो. इतिहासकार ग्रंथ लिहितात, पण वाक्प्रचार विधवा आणि पोरकी मुले तयार करतात.

उसने शब्द, आपले दुःख

संकटाचे मराठी शब्द सारेच मराठी मुळाचे नाहीत. 'आफत' आणि 'फजिती' अरबीतून आले, 'पेच' फारसीतून, 'कैची' तुर्कीतून. 'गोत्यात येणे' यातील गोता म्हणजे पाण्यातील बुडी. 'तारांबळ उडणे' मात्र थेट लग्नमंडपातून आले आहे. मंगलाष्टकांच्या शेवटी भटजी ताराबल आणि चंद्रबल यांचा उच्चार करू लागले की मुहूर्त अगदी जवळ आला असे समजून मंडपात एकच धांदल उडे, त्यावरून हा शब्द पडला असे म्हणतात. त्याच मंडपात 'सावधान' हा शब्द ऐकून जांबचा बालक नारायण पळाला आणि पुढे रामदास झाला, ही परंपरागत कथा सर्वांना ठाऊक आहे.

बायबलनेही जगातील भाषांना संकटाचे पुष्कळ शब्द पुरविले. सिंहांच्या गुहेत सापडणे आणि भिंतीवरचे लिखाण दिसणे हे इंग्रजी प्रयोग दानिएलच्या ग्रंथातील आहेत. शरीरात रुतलेला काटा संत पौलाचा. केवळ दातांच्या कातडीनिशी वाचणे हे ईयोबचे. खोल पाण्यात बुडत असल्याचा आक्रोश स्तोत्रकर्त्याचा आहे; इस्राएल लोक दर्यावर्दी नव्हते, म्हणून पाण्याची भीती त्यांच्या प्रार्थनेत अधिक खोल गेली. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत 'ज्याचा त्याचा क्रूस ज्याने त्याने वाहावा' असे सहज बोलले जाते, तेव्हा आपणही आपल्या भाषेच्या कणगीत एक पसा धान्य घालीत असतो. या बाबतीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे ऋण मोठे आहे. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना सुलतानी सोसावी लागत असताना हा तरुण देश सोडून रोमला गेला, येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ साली गोव्यास पोहोचला. १६१६ साली त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने आपल्या लोकांचे दुःख इंग्रजी साच्यात ओतले नाही. त्याने ओवी उचलली.

ऐकणारा कान

एवढा सारा शब्दांचा पसारा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. संकटातला माणूस आपले संकट सरळ सांगत नाही. तो वाक्प्रचाराच्या आडून सांगतो.

धर्मग्रामातील घरांना भेटी देताना आम्ही हे वारंवार अनुभवतो. 'कसे चालले आहे?' असे विचारले तर शेतकरी म्हणतो, 'बरं चाललंय फादर, जरा ओढाताण आहे.' ओढाताण हा शब्द त्याने हसत उच्चारलेला असतो. थोडा वेळ बसले, चहा झाला की तो म्हणतो, 'यंदा नाकी नऊ आले.' शरीराची नऊ द्वारे सोडून प्राण नाकाशी येऊन थांबला, असा या शब्दांचा अर्थ लावतात. उठताना दाराशी येऊन तो हळूच म्हणतो, 'आता गळ्याशी आलंय.' ओढाताण, नाकी नऊ, गळ्याशी येणे : हे तीन समानार्थी वाक्प्रचार नव्हेत, खाली उतरत जाणाऱ्या तीन पायऱ्या आहेत. तिसरी पायरी ऐकून जो 'देव बघेल' एवढेच म्हणून निघून जातो, त्याने काहीच ऐकलेले नाही. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यांनी गेल्या काही दशकांत स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले, त्यांच्यापैकी अनेकांनी आधी कोणाला ना कोणाला असे काही तरी म्हटलेच असेल. शब्द होते, ते गुळगुळीत झालेले असल्याने कोणाच्या कानाला लागले नाहीत. ईयोबचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते त्याचे मित्र होते. त्याचे बोलणे न ऐकता ते उपदेश करू लागले आणि तेव्हापासून त्यांचे नाव इंग्रजीत पोकळ सांत्वनाचा वाक्प्रचार होऊन बसले.

म्हणून घरातील तरुणांना आम्ही सुचवू इच्छितो की त्यांनी आपल्या आजी-आजोबांपाशी बसून त्यांचे शब्द ऐकावेत, त्यांचा उगम विचारावा. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्यांनी तर हे अगत्याने करावे. इंग्रजी वाक्प्रचार जरूर शिकावेत. पण समुद्र न पाहिलेल्या मुलाने केवळ जहाज बुडण्याच्या भाषेत बोलावे आणि शेजारच्या शेतातील वाळलेल्या बागेसाठी त्याच्यापाशी शब्द नसावा, हे बरे नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. वाक्प्रचार संकट सांगतात म्हणून संकट अटळच आहे असे नव्हे. जालना तालुक्यातील कडवंची या गावात १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. गावाने पाणी अडविले, पुढे शेततळी खोदली आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षे पिकविली. हा कार्यक्रम महाराष्ट्रात उभा करण्यामागे १९४८ साली भारतात आलेले व अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कार्य केलेले स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांची दृष्टी होती. २०२१ साली त्यांचे निधन झाले. इजिप्तमध्ये योसेफाने सात सुकाळी वर्षांचे धान्य सात दुष्काळी वर्षांसाठी साठविले. कडवंचीच्या लोकांनी तसेच पाणी साठविले. ज्या गावच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते, त्या गावात 'इकडे आड, तिकडे विहीर' ही म्हण उरतेच. पण ती मुलांच्या वहीत उरते, बापाच्या ओठांवर नाही.